खेळाडूंच्या खेळांची अदलाबदल टीव्हीवर व्हावी, आणि ती खो-खोच्या मैदानावर व्हावी

एका खेळात शिखर गाठलेल्या खेळाडूंना दुसऱ्या खेळात नवशिके म्हणून उतरवणारा कार्यक्रम मराठी वाहिन्यांवर व्हायला हवा आणि तो खो-खो, मल्लखांब, कुस्ती या आपल्या मातीतल्या खेळांवर उभा राहायला हवा, असे मला मनापासून वाटते. सोलापुरात मी बरीच वर्षे शाळकरी मुलामुलींना खो-खो शिकवते आहे, त्यामुळे या विषयावर जरा विस्ताराने लिहिण्याचे धाडस करते.

आपल्याकडे सामना संपला की खेळाडू टीव्हीवर दिसतो तो बहुधा नाचताना किंवा साहसाचे प्रयोग करताना. राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवणारी गीता फोगाट २०१७ साली 'खतरों के खिलाडी'मध्ये होती आणि तिची बहीण बबिता २०१९ साली 'नच बलिये'मध्ये. त्यांनी तिथे जाण्याला माझी काडीमात्र हरकत नाही. खेळाडूचे कमावते वय फार थोडे असते आणि कुस्तीगीर मुलीच्या वाट्याला जाहिराती कितीशा येतात हे आपण जाणतो. मला वाईट वाटते ते याचे की, ज्या पकडीसाठी आणि ज्या तोलासाठी त्यांनी लहानपणापासून घाम गाळला, त्याचा त्या कार्यक्रमांना फारसा उपयोगच नव्हता. प्रेक्षकांना गीता दिसली, पण कुस्ती दिसली नाही.

खेळांच्या अदलाबदलीचा कार्यक्रम ही काही नवी कल्पना नव्हे. अमेरिकेत १९७३ साली 'सुपरस्टार्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. फिगर स्केटिंगमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या डिक बटन यांची ती कल्पना होती. वेगवेगळ्या खेळांतले नामवंत एकत्र आणायचे, त्यांना धावणे, पोहणे, सायकल, वजन उचलणे अशा प्रकारांत झुंजवायचे आणि ज्याचा जो खेळ, तो त्याला वर्ज्य ठेवायचा, इतका साधा त्याचा नियम होता. पहिल्याच वर्षी बॉब सीग्रेन हा बांबूउडी मारणारा खेळाडू जिंकला. मात्र लोकांच्या लक्षात राहिला तो मुष्टियोद्धा जो फ्रेझर. पोहता येत नसताना तो पोहण्याच्या शर्यतीत उतरला आणि कसाबसा काठाला लागला. मुहम्मद अलीला हरवलेला तो माणूस पाण्यात धडपडताना दिसला, तेव्हा पोहणे हीसुद्धा शिकून कमवावी लागणारी विद्या आहे, हे पाहणाऱ्यांना कुणी वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. मला तो प्रसंग हसण्यासारखा कधीच वाटला नाही.

त्याच कार्यक्रमाच्या ब्रिटिश आवृत्तीची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ब्रायन जॅक्स या ज्युदोपटूने १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते, परंतु तो घराघरांत पोहोचला तो 'सुपरस्टार्स'मुळे. समांतर दांड्यांवर हातांच्या जोरावर अंग खाली-वर करायच्या १०० डिप्स एका मिनिटात काढणारा हा गडी कोण, या कुतूहलापोटी लोक ज्युदोकडे वळून पाहू लागले. ज्या खेळाला प्रेक्षक नाही, त्याच्या खेळाडूला प्रेक्षक असलेल्या खेळाडूंच्या शेजारी उभे केले की असे होऊ शकते.

आता हेच खो-खोला लावून पाहा. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवून तो जिंकला. आपल्या जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप त्या पुरुष संघात होता. वेळापूरने या खेळाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले आहेत. असे असताना चांगले संरक्षण किती मिनिटांचे असते, असे सोलापुरातल्याच एखाद्या क्रिकेटवेड्या घरात विचारले, तर बहुतेकांना सांगता येणार नाही. खेळ माहीत नाही असे नाही, कारण शाळेत सगळेच खेळलेले असतात. त्याचे माप माहीत नाही. क्रिकेटमधल्या शतकाचे माप लहान मुलालाही कळते. नऊ मिनिटांच्या आक्रमणात एकट्याने तीन मिनिटे पळत राहणे म्हणजे काय, हे मात्र कळत नाही. एखाद्या नावाजलेल्या क्रिकेटपटूला खो-खोच्या मैदानावर सोडा. तो विसाव्या सेकंदाला बाद झाला की तीन मिनिटांचे मोल प्रेक्षकाला आपोआप उमगेल, कारण त्या क्रिकेटपटूच्या चपळाईचे माप त्याच्यापाशी आधीपासून आहे.

हे मी नुसत्या तर्काने सांगत नाही. जिल्ह्यात शंभर मीटरला पहिल्या क्रमांकावर येणारा एक मुलगा मध्यंतरी आमच्याकडे सरावाला आला होता. सरळ रेषेत त्याला गाठणे आमच्यातल्या कुणालाही शक्य नव्हते. आक्रमणाला उभा केल्यावर तो सुसाट निघाला. त्याच्या पुढे पळणारा आठवीतला पोरगा बसलेल्या दोन गड्यांमधून शांतपणे पलीकडे गेला आणि हा वेगात पुढे निघून गेला. खो-खोत आक्रमकाला मधली पाटी, म्हणजे गडी बसतात तो मधला पट्टा, ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. जवळच्या गड्याला खो देऊन त्याला उठवायचे त्याला सुचले नाही, म्हणून तो तसाच खांबापर्यंत गेला. तिथे त्याने एका हाताने खांब धरला खरा, पण अंगाचा सगळा भार बाहेरच्या बाजूला राहिल्यामुळे हात सुटला आणि तो मुरुमावर कुल्ल्यावर आपटला. आमच्या मुलींनी त्याला उठवून दाखवले की, आतला पाय खांबाच्या बुडाशी रोवायचा, कंबर खाली घ्यायची, तळवा खांबावर घट्ट बसवायचा आणि मग अंग आत झोकायचे. त्या संध्याकाळी तो खांबाभोवतीच फिरत राहिला. निघताना त्याने विचारले की, पाटीवर बसलेले गडी इतके अवघडून का बसतात? एक पाय पुढे, टाचा वर, हाताची बोटे जमिनीला टेकलेली, मान वळवलेली, म्हणजे खो मिळताच पहिले पाऊल वाया न जाता उठता यावे, हे त्याने स्वतः तसे बसून पाहिले तेव्हा त्याच्या ध्यानात आले. उभ्या मैदानाने ते पाहिले असते तर किती बरे झाले असते, असे मला वाटत राहिले. टीव्ही हेच काम करू शकतो.

खेळ बदलणे केवळ करमणुकीपुरतेच असते असेही नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याची किरण नवगिरे आधी भालाफेक आणि गोळाफेक करायची. पुढे ती क्रिकेटकडे वळली. २०२२ साली नागालँडकडून अरुणाचल प्रदेशाविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात तिने नाबाद १६२ धावा कुटल्या आणि त्याच वर्षी ती भारतीय संघात आली. फेकीच्या खेळात कमावलेले खांदे आणि कंबर तिने बॅटमागे उभी केली, असे तिचे फटके पाहताना मला नेहमी वाटते. ब्रिटनमध्ये तर हेप्टॅथलॉन म्हणजे सात मैदानी प्रकारांची स्पर्धा खेळणारी लिझी यार्नल्ड गुणवत्ता शोधाच्या योजनेतून बर्फावर घसरगाडीवर पालथे झोपून सुसाट जाण्याच्या स्केलेटन या खेळात गेली आणि २०१४ व २०१८ अशी लागोपाठ दोन हिवाळी ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकून आली. चांगल्या जाणकारांसमोर अदलाबदल झाली, तर कुणाचे अंग कुठल्या खेळाला अनुकूल आहे हेही दिसून येते.

या कल्पनेतला धोका मात्र मी डोळ्याआड करणार नाही. ब्रिटनमधल्याच 'द जम्प' या कार्यक्रमात खेळाडू आणि इतर प्रसिद्ध व्यक्तींना बर्फावरच्या उड्या शिकवत असत. २०१६ साली त्याच्या सरावात बेथ ट्वेडल या जगज्जेत्या जिम्नॅस्टच्या मानेचा मणका मोडला आणि तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी जलतरणपटू रिबेका ॲडलिंग्टनचा खांदा निखळला आणि पुढच्या वर्षी टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ब्रॅडली विगिन्सचा पाय मोडला. ही माणसे अनाडी नव्हती. उलट, शिखरावर गेलेल्या खेळाडूला अर्ध्यावर थांबता येत नाही. ज्या ईर्ष्येने त्याने पदक मिळवलेले असते, तीच ईर्ष्या अनोळखी खेळात त्याला झेपेल त्याच्या पलीकडे ओढून नेते. फुटबॉलपटू केव्हिन कीगन १९७६ साली 'सुपरस्टार्स'च्या शर्यतीत सायकलवरून पडला, पाठ सोलवटून निघाली, तरी पुन्हा सायकलवर बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथे निर्मात्यांनी त्याला थांबवायला हवे होते असे वाटते.

म्हणून असा कार्यक्रम करायचा, तर घाई करून चालणार नाही. आठवड्याला एक नवा खेळ आणि लगेच स्पर्धा, हा प्रकार मुळीच नको. एकच खेळ घ्यावा, त्याच्या सरावाला निदान तीन महिने द्यावेत आणि तो सरावच कार्यक्रमाचा मोठा भाग असावा, कारण खरी रंगत तिथेच असते. मल्लखांबासारख्या खेळात पडण्याची शक्यता जास्त, तिथे तर सुरुवातीच्या अढी, म्हणजे पायांनी खांबाला घातलेला विळखा, आणि साध्या पकडी यांपुढे कुणालाही जाऊ देऊ नये. एरंडेल लावलेल्या लाकडावर मांडीची पकड बसणे हेच नवशिक्यासाठी पुष्कळ आहे. दुखापतीचा विमा निर्मात्याने काढावा आणि मध्येच माघार घेणाऱ्याचे मानधन कापू नये. चित्रीकरण मुंबईतल्या सेटवर न करता जिल्ह्यांच्या मैदानांवर करावे. सोलापुरात करायचे तर डिसेंबर-जानेवारीत करावे, कारण होळीनंतरच्या आमच्या उन्हात दुपारी मैदानावर उभे राहणेही कठीण होते.

काही मित्रांचे म्हणणे असे की, यामुळे खेळाचा तमाशा होईल. पाहुण्याच्या फजितीवर कॅमेरा रोखला, तर तसे जरूर होईल. कॅमेरा शिकवणाऱ्यावर असेल, तर होणार नाही. माझा सर्वांत मोठा आग्रह याच बाबतीत आहे. खो-खो शिकवायला बोलावलेली वेळापूरची मुलगी पडद्यावर 'सहायक' म्हणून कोपऱ्यात दिसू नये. तिचे नाव, गाव आणि तिची कामगिरी पाहुण्या खेळाडूच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत यावी आणि तिचे मानधन तिच्या संस्थेच्या नावाने अर्धेमुर्धे न जाता थेट तिच्या खात्यात जमा व्हावे. शिवाय अदलाबदल दोन्ही बाजूंनी व्हावी. क्रिकेटपटू खो-खो खेळून गेला की पुढच्या भागांत त्या मुलीलाही तीन महिने नेटमध्ये चांगल्या प्रशिक्षकाकडून फलंदाजी शिकू द्यावी, तिच्यासमोर खरा वेगवान गोलंदाज उभा करावा आणि त्या भागांना वेळही तेवढाच, रात्री नऊचाच द्यावा.