परक्या माणसाचे तिथे काय काम? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मृत्युशय्येवरील माणसाला आणि त्याच्या घरच्यांना सोबत करणाऱ्या ‘डूला’ या कामाविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत. हे सारे आपल्याकडे घरची माणसे आणि शेजारीपाजारी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, त्यामुळे हे अमेरिकी खूळ पुण्यात नको, हा पहिला. आणि माणूस जात असताना पैसे मोजून परक्या व्यक्तीला खोलीत बसवणे हा मरणाचा बाजार आहे, हा दुसरा. दुसऱ्यात मला बरेच तथ्य दिसते. पहिला मात्र मला मान्य नाही.

घरची माणसे हे करू शकत, कारण त्यांनी ते लहानपणापासून पाहिलेले असे. आज कोथरूडच्या किंवा औंधच्या फ्लॅटमध्ये ऐंशीच्या घरातले जोडपे राहते, मुलगा परदेशात असतो, आणि जवळ राहणाऱ्या पन्नाशीच्या मुलीने एकही मृत्यू जवळून पाहिलेला नसतो, कारण तिचे आजी-आजोबाही अतिदक्षता विभागातच गेले. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ लागला, घशात घरघर सुरू झाली, तळपाय आणि गुडघे निळसर दिसू लागले, तर हे अखेरच्या दिवसांत अनेकदा दिसणारे बदल आहेत, हे तिला सांगणारे कोणी नसते. आणि मग ज्यांनी ‘मला घरातच जाऊ द्या’ असे बजावलेले असते, त्यांनाच मध्यरात्री रुग्णवाहिकेत घालून नेले जाते.

माझ्या परिचयातल्या एका घरात आजोबा अंथरुणाला खिळलेल्या आजींना चमच्याने पेज भरवू पाहत होते. आजी ओठ मिटून घेत, आणि आपण हिला उपाशी मारतो आहोत या विचाराने आजोबा खचून गेले होते. तिथे येणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेविकेने त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली नाही. तिने आधी आजींना काय आवडायचे ते विचारले, आणि आजोबा बराच वेळ आजींच्या उकडीच्या मोदकांविषयी बोलत राहिले. मग तिने समजावले, की शरीराचे व्यवहार थांबत आले की भूकही मिटते, आणि बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओला गॉज बोटाला गुंडाळून ओठ, हिरड्या आणि जीभ कशी पुसायची, नंतर ओठांना व्हॅसलीन कसे लावायचे, हे तिने करून दाखवले. गंगाजलही चमच्याने ओतू नये, बोट बुडवून ओठांना लावावे, असे सांगितले. हतबल होऊन बसलेल्या आजोबांना पत्नीसाठी करण्यासारखे काहीतरी पुन्हा मिळाले. यात परक्या बाईने घरच्यांची जागा घेतली, असे मला तरी वाटत नाही.

डूला औषध देत नाही. मॉर्फीनची मात्रा किती, हे डॉक्टरच ठरवतात. खोलीत कोण असावे आणि कोण नसावे, हरिपाठ लावायचा की शांतता हवी, अबोला धरलेल्या भावाला निरोप धाडायचा का, नातवासाठी चार शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवायचे का, हे ती जाणाऱ्या माणसाला, तो बोलू शकतो तोवर, विचारते. रात्रीच्या पाळ्या लावून मुलीला झोप मिळवून देते. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्यता दिलेल्या आणि 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने सोप्या केलेल्या लिव्हिंग विलची, म्हणजे नको असलेले उपचार आधीच लिहून ठेवण्याची, आठवण करून देते; आता त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. घरी मृत्यू झाला तर दाखला कोणते डॉक्टर देतील, हेही ती आधीच ठरवायला लावते. ज्यांना रात्री दोन वाजता डॉक्टर शोधत फिरावे लागले आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता पैशांविषयी. अमेरिकेत 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, हेन्री फेर्स्को-वाइस या समाजसेवकाने हे काम सुरू केले, ते स्वयंसेवकांना शिकवूनच. पुढे त्याचे अभ्यासक्रम निघाले आणि शुल्कही आले. या व्यवसायाला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे कोणीही स्वतःला डूला म्हणवू शकतो, ही आपली भीती रास्त आहे. औषधांत ढवळाढवळ करणाऱ्या किंवा मालमत्तेच्या कागदांत रस घेणाऱ्या माणसाला घरात थारा देऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणते. पण बाजार टाळायचा म्हणून कामच टाळावे का? केरळमध्ये 1999 पासून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना शिकवून अशा रुग्णांच्या सेवेचे जाळे उभे राहिले, आणि आपल्या वारज्यात सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, केंद्र 1997 पासून कर्करुग्णांची विनामूल्य सेवा करते आहे. आपण ज्या शेजारधर्माचा अभिमानाने उल्लेख करता, तोच थोडे शिकून घेऊन करावा, एवढेच माझे मागणे आहे.

आपण आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाविषयी लिहिले आहे. संघाच्या एखाद्या मासिक सभेला पॅलिएटिव्ह केअरमधील परिचारिकेला बोलवावे. मीही आनंदाने येईन. विषय मोजकेच ठेवू: तोंडाची निगा, कूस बदलणे, आणि दाखल्यासाठी कोणाला फोन करायचा. तारीख कळवावी.