'एक रसिक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा सविस्तर

जुन्या काळच्या चित्रपट अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक रसिक' या नावाने पुण्याहून प्रतिक्रिया आली आहे. ती सगळ्यांनी वाचलीच असेल असं नाही, म्हणून आधी इथे देते: "मॅडम, नाव दुर्गाबाईंचं आणि निम्मा लेख बडोद्याचा. विजया मेहता तिथे जन्मल्या एवढ्यावर अख्खं बडोदं स्वतःची पाठ थोपटून घेतंय. दुर्गाबाईंच्या दुसऱ्या लग्नाबद्दल तुम्ही मूग गिळून गप्प. 'कुलीन घरातली पहिली नटी' हे तर साफ चूक, मग कमलाबाई गोखले कोण? असो. बाहेरगावच्या मराठी माणसाला या गोष्टी वाचून कळतात, जगून नाही."

मी बडोद्याहून या जागी बरीच वर्षं लिहिते. टीका मला नवी नाही. "लेख पसरट झालाय, ताई," असं सरळ लिहिणारेही आहेत आणि त्यांचे मी आभार मानते. पण 'मॅडम' म्हणून सुरुवात करायची, 'असो' म्हणून हात झटकायचे आणि जाता जाता चिमटा काढायचा, या पद्धतीला रसिकता म्हणत असतील तर ती पुण्यातच राहू द्या.

कमलाबाईंचं नाव यायला हवं होतं, मान्य. एका ओळीत बसलं असतं. 1913 मध्ये फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत या दोघींनी काम केलं, हे मला तुमच्याकडून कळलेलं नाही. पण त्या दोघी नाटक कंपनीतून आल्या होत्या. लोकांनी जी काही नावं ठेवायची ती त्यांना आधीच ठेवून झाली होती. दुर्गा खोटे आल्या त्या सॉलिसिटर लाडांच्या दिवाणखान्यातून, इंग्रजी शाळेतून, सेंट झेवियर्समधून. मी 'पहिली' म्हटलं ते या अर्थाने. (फाळके आमच्या कलाभवनात शिकले होते, हे लिहिणार होते, पण पुन्हा बडोदं आलं म्हणाल.)

दुसरं लग्न माझ्या लेखाचा विषय नव्हता. एवढंच.

आता ते शेवटचं वाक्य. वाचून कळतं, जगून नाही.

रसिकराव, दुर्गाबाईंनी स्वतःबद्दल जे सांगितलं आहे त्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते पहिल्या चित्रपटाचं प्रकरण. 1931 सालचा 'फरेबी जाल'. काम लहानसं. पण जाहिरातीत मिरवलं गेलं ते बाईंचं माहेर आणि सासर, लाडांची मुलगी आणि खोट्यांची सून म्हणून. चित्रपट सुमार निघाला आणि गिरगावात छी-थू झाली ती या बाईंची. बनवणाऱ्याला कोणी विचारलं नाही, बघायला गेलेल्यांना तर नाहीच. पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये त्या तारामती झाल्या, पहिला मराठी बोलपट, आणि तीच माणसं म्हणू लागली की घराणं दिसतं हो चेहऱ्यावर! सासरची श्रीमंती गेलेली, पदरात दोन मुलगे, मिळवणं भाग होतं. हे सगळं त्या ज्या कोरडेपणाने सांगतात तो मला ओळखीचा आहे. तो पुस्तकातून ओळखीचा झालेला नाही.

माझी आत्या दांडिया बाजारात गणपतीच्या नाटकांत काम करायची. मेकअपचं सामान माजघरातल्या कपाटात, कुलपात. पाहुणे आले की किल्ली आजीच्या कमरेला. आत्याच्या कामाचं गल्लीत कौतुक व्हायचं आणि त्याच गल्लीतून तिच्या लग्नाच्या वेळी "नाटकातली ना?" अशी चौकशीही गेली. तिने नंतर रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आत्मचरित्र लिहायला सगळ्यांनाच जमत नाही.

मी युनिव्हर्सिटीत असताना एकांकिका केल्या. गुजरातीतून केल्या, मराठीतूनही केल्या. तालमी लांबल्या की सुरसागरच्या काठाने घरी यायचं, बरोबर भाऊ. मला बघायला एक स्थळ आलं होतं. कुठून ते सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर पुण्याहून. मंडळी सुसंस्कृत. बालगंधर्वांची पदं तोंडपाठ. कांदेपोहे खाता खाता मुलाच्या काकांनी विचारलं, "नाटकात पुरुषही असतात का हो?" माझ्या वडिलांनी अगदी शांतपणे सांगितलं, "असतात. पूर्वी बायकांची कामंसुद्धा तेच करायचे." स्थळ गेलं. वडिलांच्या त्या उत्तरावर मी अजून जगते आहे, आणि तुम्ही मला सांगता मला जगून कळत नाही!

बरं, 'बाहेरगावचे' म्हणजे आम्ही कोण? सयाजीरावांनी 1886 मध्ये इथे संगीताची शाळा काढली. गंधर्व नाटक मंडळीला इथल्या दरबाराचा आश्रय होता. घरात मराठी, शाळेत गुजराती, कचेरीत दोन्ही, अशा पिढ्या इथे झाल्या. माझ्या लेखातला एखादा शब्द गुजराती वळणाचा निघतो, तर निघू दे. सेव-उसळ खाणाऱ्या जिभेला तेवढं चालतं.

जन्माचं म्हणाल, तर मला तुमची हरकतच समजलेली नाही. विजयाबाईंचा जन्म 1934 साली बडोद्यात झाला. त्या पुढे मुंबईच्या झाल्या, त्यांची नाट्यसंस्था 'रंगायन' तिथे उभी राहिली, हे मी लेखात स्पष्ट लिहिलं होतं. मग पाठ कोणी थोपटली? आणि उलट बाजूनेही बघा ना. गायिका हिराबाई बडोदेकर जन्मल्या मिरजेत, 1905 साली, म्हणजे ज्या साली दुर्गाबाई जन्मल्या त्याच साली. तरी नावापुढे आमचं गाव, कारण आई ताराबाई माने इथल्या. जन्मावरून माणूस गावाचा होत नाही म्हणाल तर आम्ही विजयाबाई तुम्हाला देतो. मग हिराबाईंना बडोद्याच्या म्हणताना जीभ अडखळू देऊ नका. दोन्हीकडे एकच माप लावा.

विजयाबाई त्या लेखात मी ओढूनताणून आणलेल्या नाहीत, हे तर वाचणाऱ्याला कळायला हवं होतं. त्या दुर्गाबाईंच्या सून. दुर्गाबाईंचे धाकटे चिरंजीव हरीन, त्यांच्या पत्नी. हरीन तरुणपणीच गेले, मागे दोन लहान मुलगे. दुर्गाबाईंवरही तरुण वयात तेच आलं होतं, तेही दोन मुलगेच. एका घरातल्या दोन बायका, दोघी नट, दोघींवर एकच प्रसंग, आणि दोघीही कामाला लागल्या. विजयाबाईंनी पुढे पुन्हा संसार मांडला आणि दिग्दर्शनही केलं. सासूबाई 1974 च्या 'बिदाई'साठी पारितोषिक घेत होत्या, 1983 चा फाळके पुरस्कार घेत होत्या, आणि त्यानंतरही त्यांच्या संस्थेने 'वागले की दुनिया' दूरदर्शनवर आणली. वय झालं म्हणून कोणी घरी बसवलं नाही त्यांना. माझ्या लेखाचा गाभा हाच होता: माहेरच्या नावाने त्या बाईला वाचवलं नाही, उलट त्या नावानेच पहिला घोळ केला. तिला सावरलं तिच्या कमाईने. 1937 मध्ये स्वतः 'साथी' हा चित्रपट काढायला निघालेली बाई आहे ती. यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. तुम्हाला दिसलं काय, तर दुसरं लग्न आणि बडोदं.

त्या लग्नावर तुमच्याकडे काही सांगण्यासारखं असेल तर स्वतः लिहा, मी वाचेन. माझ्या आत्याबद्दल मी जेवढं सांगितलं तेवढंच सांगणार आहे, तसंच दुर्गाबाईंबद्दलही.

पुढचा लेख हिराबाईंवर आहे. त्यात बडोदं येणार, भरपूर येणार. तुमची हरकत आत्ताच लिहून ठेवलीत तर तुमचा वेळ वाचेल. मला मात्र पुढच्या आठवड्याआधी उत्तर द्यायला जमणार नाही, घरी पाहुणे आहेत.