फक्त सासवडपर्यंत

माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा. तीसेक किलोमीटर, त्यात दिवेघाट. आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरची वाट चालायला आमच्याकडे रजा नाही आणि गुडघे तर नाहीतच, म्हणून आमच्यासारखे एकदिवसीय वारकरी नेमका हाच दिवस निवडतात. अख्ख्या परीक्षेला एकच पेपर द्यायचा आणि तोही सगळ्यात अवघड. यात काय शहाणपण आहे, हे मला हडपसरपर्यंत कळलं नाही. हडपसरनंतर कळून घ्यायचं त्राण उरलं नाही.

एक कबुली आधीच देतो. मी तक्रारखोर माणूस आहे. आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीचा मी जवळपास एकहाती लेखक आहे. तेव्हा तीस किलोमीटर चालताना तक्रारींना तोटा पडणार नाही, अशी माझी खात्री होती. पण वारीत त्याची सोयच नाही. मागून कोणी टाच तुडवतो, तुम्ही फणकारून वळता, तर समोरचा हात जोडून म्हणतो, “माउली!” बाईच्या पिशवीतली कळशी बरगडीत बसते. “माउली, सरका वाईच.” आता माउलीवर डाफरायचं कसं? पहाटे भवानी पेठेतून निघाल्यापासून सकाळी नऊपर्यंत मी निदान अकरा भांडणं गिळली होती. उपासाला ती जड पडतात.

हो, त्या दिवशी एकादशी होती. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे नुसतं म्हणायला आहे असं मला वाटायचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की आणि केळी घेऊन माणसं उभी. नको म्हणावं तर पुन्हा तेच, “माउली, घ्या की!” मी घेत गेलो. वडकी नाल्याला दुपारच्या विसाव्याला टेकलो तेव्हा पोटात चार केळी होती आणि पिशवीत नऊ.

बुटांबद्दल मात्र बोललंच पाहिजे. दुकानातल्या मुलाने शपथेवर सांगितलं होतं की यांत पाण्याचा थेंब शिरणार नाही. खरं होतं ते. तळातून एक थेंब शिरला नाही. सगळा पाऊस वरून, घोट्याजवळून शिरला, आणि एकदा शिरलेलं पाणी बाहेर सोडायचं नाही हाही त्या बुटांचा गुण निघाला. दोन खासगी तलाव पायात घालून मी घाटाशी आलो. खाली मस्तानी तलाव दिसत होता. त्याच्याकडे मी समदुःखी म्हणून पाहिलं.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. लोकांना बैलांचं कौतुक वाटत होतं, मला रथाचा हेवा. वर बघावं तर वळणावळणावर पताकाच पताका, खाली बघावं तर तेच. आपण नेमके किती चढलो, हे कुठूनही कळत नाही. टाळ आणि “ज्ञानोबा-तुकाराम” यांच्या ठेक्यावर पाय आपसूक पडतात, एवढं खरं. ठेका थांबला की मात्र ते आपले आहेत हे आठवतं.

शेजारून डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी चालल्या होत्या. पायात साध्या चपला, श्वास इतका संथ की मला राग यावा.

“कुटवर, माउली?”

“सासवड,” मी अभिमानाने म्हणालो.

“अन् मंग?”

“मग... एसटीने घरी.”

त्यांनी जरा विचार केला. “म्हंजे आमाला घालवाया आलायसा म्हना की!”

त्यानंतर बराच वेळ मी काही बोललो नाही. वेशीपर्यंत पाहुणे पोचवायला येतात, तसा मी तीस किलोमीटर निघालो होतो.

घाटमाथ्यावर फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते. घाट संपला की सासवड आलं, अशी त्यांची समजूत. माझीही होती. पुढे सात-आठ किलोमीटर सपाट रस्ता आहे. चढाला निदान काही रुबाब असतो, सपाटीला तोही नाही. वाटेत एका विशीतल्या पोराने मला बसवून पाय चेपले, फोडांना मलम लावलं आणि वर माझ्याच पाया पडला. संकोचाने मी त्याला तीन केळी दिली.

एसटीला मरणाची गर्दी, म्हणून रात्री तळावर समाजआरतीला थांबलो. १८३२ साली हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याची घडी बसवली. ते शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे शिस्त फौजेची. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. एखाद्या दिंडीचा टाळ तरीही वाजत राहिला, तर तिची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात आणि तोड काढतात.

तक्रारीची रीतसर सोय! दिवसभर मला हे कोणी सांगितलंच नाही. आणि आता माझ्याकडे टाळ नव्हता.

दंड उंचावला. सगळा तळ चिडीचूप. मी जरा नीट दिसावं म्हणून उठायला गेलो आणि माझे दोन्ही गुडघे एकापाठोपाठ एक वाजले. कट्. कट्.

शेजारच्या म्हाताऱ्या वारकऱ्यांनी हात जोडलेलेच ठेवून माझ्या कानाशी विचारलं, “माउली, चोपदारास्नी बोलवू का?”