जागा भरण्याचं शास्त्र

अल्पवयीन मुलांसाठी व्यसनमुक्ती केंद्र काढताय? उत्तम. डॉक्टरचं नंतर बघू, आधी फोनवर गोड बोलणारा माणूस नेमा.

फोन आला की आईला विचारायचं: मुलगा उशिरा उठतो? दार लावून बसतो? उलट बोलतो? मित्र बदलले? उत्तर ‘हो’च येणार, सोळाव्या वर्षी दुसरं काय येणार! पण आपण सुस्कारा सोडायचा. "ताई, एकच जागा शिल्लक आहे." (ही एक जागा जपून वापरा, वर्षानुवर्षं पुरते.) "घरी बोलून सांगते," म्हणाल्या तर हळूच म्हणायचं, "बोला की. तोवर त्याच्या जिवाची हमी तेवढी तुम्ही घ्या."

मुलगा आला की त्याला छोट्या खोलीत बसवा, भोवती आपलीच जुनी मुलं. व्यसन कबूल केलं तर दाखल. नाही म्हणाला तर नाकारणं हेच या आजाराचं लक्षण, म्हणून दाखल. रडला तर भानावर येतोय, चिडला तर नशा बोलतेय. या प्रवेश परीक्षेत नापास व्हायची सोयच ठेवायची नाही.

अमेरिकेतल्या ‘स्ट्रेट’ या किशोरांच्या व्यसनमुक्ती संस्थेने तर कमाल केली. १९८२ साली कॉलेजात शिकणारा एक तरुण त्यांच्या फ्लोरिडातल्या केंद्रात भावाला भेटायला गेला, आणि त्याचा मुक्काम चार महिन्यांवर लांबला. पुढच्या वर्षी ज्युरीने याला ‘डांबून ठेवणं’ असं रुक्ष नाव देऊन २ लाख २० हजार डॉलर भरायला लावले. पण खचू नका. १९८५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन राजकुमारी डायनाला घेऊन व्हर्जिनियातल्या ‘स्ट्रेट’मध्ये आल्या, आणि संस्थेचं दुकान १९९३ पर्यंत चाललं.

सोबत एक ‘तटस्थ’ सल्लाकेंद्रही काढा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी खोटे पालक बनून अशाच एका ठिकाणी फोन केले होते. त्याचा अहवाल २००८ चा. तीन निरनिराळ्या मुलांची वर्णनं सांगितली, तिन्ही वेळा सल्ला एकाच शिबिराचा. शिबिर सल्लागारबाईंच्या यजमानांचं! याला उंदराला मांजर साक्ष म्हणणारे लोक जळतात, झालं.

मुलगा कधीतरी घरी म्हणेलच, "मला इथून घेऊन जा." तो असंच म्हणणार, हे आईला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आणि अर्ज भरून घेताना भावंडं किती, हा रकाना रिकामा सोडू नका. भेटायला येतीलच ना कधीतरी.