ओरिजिन कुठलं तुमचं?

गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवल्या बसवल्या त्यातलं यूजर.नेम आणि यूजर.ईमेल भरायची घाई करू नका. बेळगावकराला नावाची एवढी काय मातब्बरी? रेशनकार्डावर एक स्पेलिंग, उताऱ्यावर दुसरं, मतदार यादीत कन्नडमधून फिरून आलेलं तिसरं, तरी कामं अडत नाहीत. (अडतात, पण तो वेगळा विषय.) गिट एक तर ‘आधी तू कोण ते सांग’ म्हणून हटून बसेल, नाहीतर लॉगिनला मशीनचं नाव जोडून स्वतःच बारसं करेल. मग कमिटवर, म्हणजे नोंदलेल्या बदलावर, ‘स्टुडंट, लॅब-०७’ असं कोरलं जाईल. यूजर.यूजकॉन्फिगओन्ली ट्रू केलं तर हे अंदाजपंचे बारसं थांबतं. करू नका, मजा जाईल.

ईमेल मनाला येईल तो टाका. तहसीलदार कचेरीसारखा पुरावा गिट मागत नाही; शेजाऱ्याचा टाकलात तरी निमूट लिहून घेतं. गिटहब, म्हणजे गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायची साइट, मात्र कमिट कुणाच्या खात्यावर मांडायचं ते ईमेलवरूनच ठरवतं. रात्रभर राबणार तुम्ही, गिटहबवरच्या हजेरीचे हिरवे चौकोन त्याच्या प्रोफाइलवर. शेजारधर्म!

टिळकवाडीतल्या क्लासच्या सामाईक कॉम्प्युटरवर --ग्लोबल आठवणीने वापरा. ती नोंद त्या लॉगिनच्या .गिटकॉन्फिगमध्ये बसते आणि मागून येणारी अख्खी बॅच तुमच्या नावाने चुका करते. --लोकल लिहिलं तर ते त्या प्रोजेक्टच्या .गिट/कॉन्फिगपुरतं राहतं, वर ग्लोबललाही जुमानत नाही. इतका संकुचितपणा बरा नव्हे. घर-ऑफिस वेगळं ठेवायला फोल्डरनुसार सेटिंग बदलणारं इन्क्लूडइफ आहे; त्यात ‘गिटडिर:~/ऑफिस/’ मधला शेवटचा स्लॅश गाळा. नियम लागू होत नाही आणि एररही येत नाही. ईमेल कुठल्या फाइलमधून आला ते ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन यूजर.ईमेल’ लगेच सांगतं, म्हणून ही कमांड कुणाला शिकवू नका.

आता रिमोट, म्हणजे कोड जिथं पाठवायचा तो दूरचा पत्ता; ‘ओरिजिन’ हे त्याचं नेहमीचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं, पाट्या बदलल्या. गाव तिथंच, कुंदाही तोच. रिमोटचं उलटं: पाटी ‘ओरिजिन’ तीच, गाव भलतंच. जुन्या कामाचं फोल्डर .गिटसकट कॉपी करा, ‘रिमोट अ‍ॅड ओरिजिन’ म्हणा, ‘आधीच आहे’ असं उत्तर येईल, ते न वाचता पुश मारा, म्हणजे कोड त्या पत्त्यावर धाडा. नव्या गिऱ्हाइकाचा कोड जुन्या गिऱ्हाइकाच्या दारात. ‘रिमोट -व्ही’ने पत्ता बघून सेट-यूआरएलने तो बदलणारे भित्रे.

गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी पासवर्ड बंद केला. एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) बनवत बसण्यापेक्षा टोकन, म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारा गुप्त कोड, थेट यूआरएलमध्ये चिकटवा. ते .गिट/कॉन्फिगमध्ये उघडं पडतं आणि प्रोजेक्टरवर ‘रिमोट -व्ही’ चालवलं की मागच्या बाकापर्यंत वाचता येतं.

नाव सुधारायची हुक्की आलीच तर सगळ्यांनी पुल केल्यावर, म्हणजे तुमचं काम उतरवून घेतल्यावर, ‘कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर’ चालवा. शेवटचं एकच कमिट सुधारेल, त्याचा हॅश (ओळख क्रमांक) बदलेल, पुश नाकारला जाईल. तेव्हा दुसऱ्याचं नवं काम दिसलं की थांबणारा --फोर्स-विथ-लीज नको, ते पुसून टाकणारा नुसता --फोर्स. सोमवारी कुणी ‘खरं माझं काम इथंच होतं की ओ’ म्हणाला, तर कुंदा पुढे करा.