पंचावन्न घोडे आणि अण्णांची बाभूळ

घरात एकच माणूस बीएस्सी ॲग्री असला की पीकविम्याचा फॉर्म भरणं आणि हवामानाचा अंदाज चुकला की शिव्या खाणं, ही दोन कामं आपोआप त्याच्याकडे येतात. माझ्याकडे यंदा तिसरं आलं. ऐन हरभऱ्याच्या पेरणीत जुन्या ट्रॅक्टरनं काळा धूर सोडून बैठक मारली आणि रात्री जेवताना आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, भाकरी मोडत म्हणाले, "आता मोठाच घेऊ. सगळ्या कामाला चालणारा. शिकलास न्हवं? बघ मग."

या "सगळ्या कामाला"नं माझे चार महिने खाल्ले.

आमचं रान परभणी जिल्ह्यात. चार भावांचे चार सातबारे, मिळून चौसष्ट एकर. माती काळी, खोल. पावसात डिंक आणि वाफसा गेला की दगड. भाऊ चार, तशी कामंही चार. आबांना दोन फाळी पलटी नांगर घालून रान पालथं करायचंय. बापूंना उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या कारखान्यापर्यंत ओढायच्यात. नानांचा सगळा जीव मळणीयंत्रात, त्यामुळे ते फक्त पीटीओबद्दल, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ज्या फिरत्या दांड्यावर अशी यंत्रं चालतात त्याबद्दल, बोलतात. धाकट्या काकांना उभ्या सोयाबीनमधून फवारणी करायचीय आणि एक पान चिरडलेलं चालत नाही. थोडक्यात, हत्ती पाहिजे होता, पण पावलं मांजराची.

यात माझी खरी पंचाईत वजनाची होती. नांगराला वजन लागतं, नाहीतर मागचं चाक जागेवर गरगरतं. म्हणून तर लोक मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. पण तेच वजन पेरणीच्या आधी ओल्या रानातून फिरलं की खालची माती थापल्यासारखी बसते. हे मी बैठकीत समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "मग नांगरताना पाणी भरायचं, पेरताना सोडायचं." तेवढ्यावर बैठक संपली. पाणी कोण सोडणार ते माझ्याकडं बघून ठरलं असावं.

नंतर गावाला कळलं. आमच्या गावात ट्रॅक्टरला कंपनी नसते, रंग असतो. लाल, निळा, हिरवा. ज्याच्या घरी जो रंग, तो त्या रंगाचा वकील, आणि दुसऱ्या प्रत्येक रंगाबद्दल त्याचं एकच म्हणणं: "त्याचा पार्ट मिळत नाही." मी तिन्ही रंगांच्या मालकांकडं चहा प्यालो. तिघांच्या मते बाकी दोघांचा पार्ट मिळत नाही. म्हणजे परभणीत कुणाचाच पार्ट मिळत नाही आणि तरी सगळे ट्रॅक्टर चालूच आहेत.

मी ठरवलं, ऐकीव नको, पुरावा बघू. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासायची संस्था आहे. तिथं ट्रॅक्टरची रीतसर परीक्षा होते आणि अहवाल निघतो. मी ते अहवाल डाउनलोड केले आणि रात्रभर वाचले. दहावीला इतका अभ्यास केला असता तर आज मी ट्रॅक्टर विकत बसलो असतो. अहवालातून एवढं कळलं की इंजिनाचे पंचावन्न एचपी हे शोरूमच्या पाटीवर पंचावन्न असतात. पीटीओपर्यंत पोचेपर्यंत त्यातले सात-आठ घोडे वाटेत गिअरबॉक्समध्ये चरायला थांबतात. नानांना हे सांगितलं तर ते विक्रेत्यावर चिडले. "पैसे पंचावन्नचे घेतो ना तो?"

आजी ओसरीवर तूर निवडत होती. तिनं विचारलं, एचपी म्हणजे काय रे. मी म्हटलं, घोड्याची ताकद, सातशे सेहेचाळीस वॅट. वॅट तिला जमलं नाही, म्हणून म्हटलं, एक चांगली बैलजोडी म्हणजे साधारण एक एचपी. ती थांबली. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"म्हणजे तुझ्या आज्यानं आयुष्यभर एकाच एचपीवर संसार केला."

"हो."

"आणि तुम्हाला पंचावन्न पुरंनात."

मी अहवाल मिटला.

शोरूममध्ये वेगळाच घोळ. विक्रेता फार गोड बोलणारा. मी पन्नासच्या वरचा मागितला की तो एकोणपन्नासचा दाखवायचा. तीन शोरूम फिरलो, तिन्हीकडं एकोणपन्नासच्या रांगा. कारण नंतर उमगलं: १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे कडक नियम लागले. त्यासाठी इंजिनात कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर डिझेल सोडणारी यंत्रणा आली, सेन्सर आले, किंमत वर गेली. साहजिकच पन्नासच्या उंबरठ्याच्या अलीकडं बाजार दाटला. विक्रेता कानाजवळ येऊन म्हणाला, "दादा, एकोणपन्नास फक्त कागदावर. रानात गेला की त्याला कोण विचारतंय?" विकणाऱ्याच्या तोंडून मालाची ताकद कमी लिहिलीय अशी कबुली मी पहिल्यांदाच ऐकली.

आमच्या मिस्त्रीचं मत या बाबतीत ठाम होतं. त्यांच्याकडं तीन पाने, एक हातोडा आणि चाळीस वर्षांचा अनुभव आहे. "पान्यानं उघडतो तो घे. लॅपटॉपनं उघडतो तो बंद पडला तर मी काय त्याला गाणी लावू?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला तेव्हाच लोक म्हणत होते, घेऊन टाका. पण तेव्हा आमचं निम्मं रान पाण्याखाली होतं. ट्रॅक्टरपेक्षा होडीचं कोटेशन मागवावं अशी वेळ. त्यामुळे पाडव्याचा मुहूर्त धरला, म्हणजे हरभरा निघाल्यावर नांगरटीला हाताशी येईल.

मग डेमो. पंचावन्न एचपी, मागं सात फुटी रोटाव्हेटर, म्हणजे ढेकळं फोडून माती भुसभुशीत करणारा रोटर. सकाळी आठला ट्रॅक्टर गावात शिरला तेव्हा शाळा सुटल्यासारखी पोरं मागं. विक्रेता पांढरे बूट घालून आला होता, तेव्हाच त्याला आमच्या रानाची माहिती नाही हे कळलं. आबा पुढं, बाकी तिघं भाऊ मागं, मी अहवाल काखेत धरून. वरात निघाली ती अण्णांच्या बाभळीपाशी थांबली.

आमच्या रानाकडं जाणारी पांदण कागदावर चांगली रुंद आहे. पण धुऱ्याचे दगड रात्री चालतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. वीस वर्षांत दोन्ही बाजूंचे दगड पांदणीकडं सरकत आलेत आणि ऐन वळणावर शेजारच्या अण्णांची बाभूळ ओणवी उभी आहे. जुना ट्रॅक्टर पाच फुटी रोटर घेऊन तिच्या बगलेतून निघायचा. सात फुटी अडकला. मी टेप लावला. बाभूळ ते समोरचा दगड, सहा फूट दहा इंच.

चार महिने मी टॉर्क, लिफ्ट, क्लच आणि पीटीओच्या ५४० फेऱ्या पाठ करत होतो. पांदणीला टेप लावायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि बीएस्सी ॲग्री तर फक्त मीच होतो.

अण्णा आणि आमचं घर तीन वर्षं बोलत नव्हतं. कारण पावसाचं पाणी. ते कुणाच्या रानातून कुणाच्या रानात जायचं यावर. अण्णा बाभळीखाली येऊन उभे राहिले. कुणी बोलेना. मग ते ट्रॅक्टरभोवती फिरले, पुढच्या चाकाला लाथ घातली, टोपी मागं सारून आबांना म्हणाले,

"टू व्हील हाय का फोर बाय फोर?"

"टू व्हील," विक्रेता म्हणाला.

"मग कामाचा न्हाई. खालच्या पट्टीत फसतंय."

"कुणाच्या खालच्या पट्टीत?" आबांनी विचारलं.

"माझ्या."

शांतता. पोरांनी मोबाईल वर केले.

"बाभूळ मी काढतो," अण्णा म्हणाले. "पण फोर बाय फोर घ्या. आन् पयलं रान माझं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी अहवालाकडं बघितलं. अहवालात बाभळीचा उल्लेख नव्हता. फोर बाय फोरसाठी लाखाच्या वर जादा लागणार होते, पण उसाच्या दोन ट्रॉल्यांना ते उपयोगाचं आहे असं बापूंना अचानक पटलं, आणि ओल्या रानात फवारणीला बरं असं काकांनाही. नाना म्हणाले, पीटीओ तोच असेल तर माझं काही नाही. चार महिने ज्या चौघांचं एक होईना, त्यांचं अण्णांनी दोन मिनिटांत केलं. विक्रेता पांढरे बूट पुसत हिशेब मांडायला लागला.

पाडव्याला पूजा झाली. चाकांखाली लिंबं, बॉनेटला हार, आजीनं हळदीची बोटं ओढली आणि सायलेन्सरकडं बघून विचारलं, "ह्यातनं पंचावन्न बोंबलत्यात व्हय?" नारळ फुटला. बाभूळ आदल्या दिवशीच तोडली होती, पण ती पांदणीत आडवी पडलेली. त्यामुळे नव्या ट्रॅक्टरचं पहिलं काम अण्णांची बाभूळ साखळीनं ओढत अण्णांच्या दारात नेऊन टाकणं. दुसरं काम त्यांची खालची पट्टी. आमच्या चौसष्ट एकरांचा नंबर तिसरा.

दुपारी मी धुऱ्यावर बसून हाराची फुलं रानात गळताना बघत होतो. नाना मीटर बघून आले. "साडेचार तास झाले. तासाला पाच-सहा लिटर पितोय. डिझेल कुणाचं ठरलंय?"

हे ठरलंच नव्हतं. मी अण्णांकडं बघितलं. ते पट्टीच्या मधोमध उभं राहून आमच्या ड्रायव्हरला हात करत ओरडत होते, "आरं, अजून चार बोटं खाली घाल की! पंचावन्न एचपी हाय न्हवं?"