भाच्याची नोकरी, फर्स्ट अमेंडमेंट आणि माझी एक चूक

नमस्कार वकीलसाहेब,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली, आणि कमेंटच्या चौकटीत उत्तर मावेना म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी मागच्या लेखात लिहिलं होतं की बिल ऑफ राइट्समुळे (म्हणजे अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांमुळे) अमेरिकेत १७९१ पासून बोलण्याचं स्वातंत्र्य, ज्युरी, वकील हे सगळे हक्क सगळ्यांना आहेत. त्यावर साताऱ्याला आयुष्यभर वकिली केलेल्या साहेबांचं म्हणणं असं, की त्यांच्या भाच्याला तिकडे एका कंपनीने फेसबुकवरच्या पोस्टवरून काढून टाकलं, तेव्हा हे स्वातंत्र्य कुठे गेलं होतं? शिवाय त्यांच्या मते व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेची राज्यघटना लागूच नाही, आणि तशीही तिथली घटना शोभेची, खरा कायदा जज लोकच करतात.

आधी माझी चूक. तुम्ही थेट त्यावर बोट ठेवलं नाहीत, पण तुमची कमेंट वाचून मी माझा लेख परत बघितला आणि ते '१७९१ पासून सगळ्यांना' हे वाक्य मलाच खटकलं. ते चुकीचं आहे. बॅल्टिमोरमध्ये जॉन बॅरन नावाच्या माणसाचा भागीदारीत बोटींचा धक्का होता, चांगला खोल पाण्याचा. शहराने रस्ते करताना ओढ्यांचे प्रवाह वळवले, ती सगळी वाळू-माती येऊन धक्क्यापाशी साचली, पाणी उथळ झालं आणि जहाजं लागेनाशी झाली. धंदा बसला. बॅरन म्हणाला, पाचवी दुरुस्ती सांगते की सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेतलीत तर भरपाई द्या, मग द्या मला. खालच्या कोर्टाने ४,५०० डॉलर दिलेही होते. पण १८३३ मध्ये सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश मार्शल यांनी सांगितलं की हे हक्क फक्त केंद्र सरकारला बांधतात, राज्यांना आणि त्यांच्या शहरांना नाही. विषय संपला, बॅरनच्या हातात काही नाही.

म्हणजे १७९१ च्या त्या कागदाने सामान्य माणसाचा रोज ज्यांच्याशी संबंध येतो ते शेरीफ, राज्याचं कोर्ट, गावची कौन्सिल, यांच्यावर काहीच बंधन घातलं नव्हतं. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली, तिने राज्यांना सांगितलं की कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हिरावून घ्यायची नाही, आणि मग त्या एका वाक्यातून कोर्टाने एकेक हक्क राज्यांना लागू केला, एकदम नाही, सुटे सुटे, अक्षरशः शंभर-दीडशे वर्षं. भरमसाठ दंड न लावण्याचा हक्क राज्यांना लागू झाला तो २०१९ मध्ये!

यातली मला सगळ्यात जवळची केस गिडियनची, कारण मी इथे न्यू जर्सीत कोर्टात दुभाषी म्हणून काम करते आणि त्या केसचा परिणाम रोज बघते. क्लॅरेन्स गिडियन, फ्लोरिडातला गरीब माणूस, १९६१ मध्ये पूल हॉल (बिलियर्ड्सचा अड्डा) फोडून किरकोळ चोरी केल्याचा आरोप. त्याने जजकडे वकील मागितला. जज म्हणाले, आमच्या राज्यात फाशीची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यातच सरकारी वकील देतो. पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याने तुरुंगातून, तुरुंगाच्याच कागदावर, पेन्सिलने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला, आणि १९६३ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्याचं म्हणणं मान्य केलं. परत खटला चालला, यावेळी वकील होता, ज्युरीने तासाभरात निर्दोष सोडलं. सहाव्या दुरुस्तीत वकिलाचा हक्क १७९१ पासून लिहिलेला आहे, तो गिडियनपर्यंत पोचायला १७२ वर्षं लागली.

मागे एक म्हातारे गृहस्थ होते, मुलाकडे आलेले, कसल्याशा प्रकरणात कोर्टासमोर उभे. जज म्हणाल्या, तुम्हाला परवडत नसेल तर कोर्ट वकील नेमून देईल. मी मराठीत सांगितलं. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, ह्याचे पैसे नंतर मुलाकडून तर नाही ना घेणार?" दुभाष्याने स्वतः उत्तर द्यायचं नसतं, मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, आणि जजनी फॉर्म, अर्ज, सगळं शांतपणे समजावलं. ते गृहस्थ तेव्हा सिटिझन नव्हते, ग्रीन कार्डवालेही नव्हते.

म्हणून तुमचा 'व्हिसावाल्यांना घटना लागूच नाही' हा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. चौदाव्या दुरुस्तीतल्या त्या योग्य प्रक्रियेच्या भागात शब्द आहे 'व्यक्ती', नागरिक नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागायचा, चिनी लोकांचे दोनशेच्या आसपास अर्ज सगळे फेटाळले आणि बाकीच्यांचे एक सोडून सगळे मंजूर झाले. १८८६ मध्ये यिक वो केसमध्ये कोर्टाने सांगितलं, कायदा कागदावर समान असला तरी राबवताना असा भेद चालणार नाही, आणि हे संरक्षण परदेशी माणसालाही आहे. हां, देशात राहू द्यायचं की नाही, व्हिसा, नागरिकत्व, इथे मात्र काँग्रेसचे (म्हणजे इथल्या संसदेचे) कायदे आणि खात्याचे नियम भारी पडतात, तिथे तुमची चीड मला समजते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या भारतातून आलेल्या माजी सैनिकाला कोर्टाने नागरिकत्व नाकारलं, कारण तेव्हाच्या कायद्यात 'गोरी व्यक्ती' असं होतं. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, स्वतः १९१४ पासून अमेरिकन नागरिक. मग सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं, पंडित लढले आणि १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले. थिंडना पुढे १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं ते घटनेतून नाही, काँग्रेसने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी केलेल्या १९३५ च्या कायद्यातून. एकाच्या कामी नागरिकत्व देणारा जुना निकाल आला, दुसऱ्याच्या कामी नवा कायदा.

आता 'जज लोकच कायदा करतात' याबद्दल. अर्धं खरं आहे. तुमच्याकडे करार म्हटला की १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, पुस्तक उघडलं, कलम सापडलं, आणि फौजदारी कायदाही अख्ख्या देशाला एकच. इथे तसं नाही. खून, चोरी, घटस्फोट, भाडेकरू, सगळं राज्याराज्याचं वेगळं, आणि करार किंवा नुकसानभरपाई यातला बराच भाग इंग्लंडहून आलेल्या कॉमन लॉचा, म्हणजे त्या त्या राज्याच्या कोर्टाच्या निकालांवर उभा. पण विधिमंडळाने उद्या कायदा करून तो निकाल बदलला तर जजला तो मानावा लागतो. घटनेचा अर्थ लावलेला निकाल मात्र असा बदलता येत नाही, त्याला घटनादुरुस्ती लागते, म्हणजे ५० पैकी ३८ राज्यांची संमती, नाहीतर मग कोर्टाने स्वतःच आपलं मत बदलायचं, जसं १९७३ चा गर्भपाताचा निकाल २०२२ मध्ये बदलला. तेव्हा घटना शोभेची कशी म्हणणार?

आणि आता तुमचा भाचा. त्याच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण साहेब, फर्स्ट अमेंडमेंट, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती, सरकारचे हात बांधते, कंपनीचे नाही. तुम्हाला हे नवीन नसावं, आपलं कलम १९ सुद्धा मुख्यतः सरकारविरुद्धच, अस्पृश्यतेचं कलम १७ मात्र कुणालाही लागू. इथे तसं कुणालाही लागू होणारं म्हणजे गुलामगिरी बंद करणारी १८६५ ची तेरावी दुरुस्ती. बाकी खासगी नोकरीत, मोंटाना सोडून सगळीकडे, करारात वेगळं काही नसेल तर मालक कारण न देताही काढू शकतो. हे मला अन्यायाचं वाटतं, पण आहे असंच.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि हेच मला तुम्हाला सांगायचंय. घटना उपयोगाची नाही म्हणून हक्कच नाही असं होत नाही, पुढच्या कपाटात बघायचं. पोस्टमध्ये सहकाऱ्यांबरोबर पगाराबद्दल किंवा कामाच्या परिस्थितीबद्दल बोलणं चाललं होतं का? मग १९३५ चा कामगार कायदा लागू होऊ शकतो, युनियन नसली तरी. काढण्यामागे धर्म, वंश, मूळ देश हे कारण होतं का? मग १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट. राजकीय मताबद्दल पोस्ट होती आणि तो कॅलिफोर्नियात असेल तर तिथल्या राज्याच्या कायद्यात त्यासाठी वेगळं संरक्षण आहे, इतर बऱ्याच राज्यांत नाही.

त्यामुळे तो कुठल्या राज्यात आहे, पोस्ट नेमकी कशाबद्दल होती आणि काढल्याची तारीख काय, एवढं त्याला आजच विचारा. कामगार कायद्याची तक्रार सहा महिन्यांच्या आत करावी लागते, भेदभावाची १८० दिवसांत, बहुतेक राज्यांत ३००. मी वकील नाही, सल्ला त्याने तिथल्या एम्प्लॉयमेंट वकिलाकडूनच घ्यावा, पण तारीख उलटून जाऊ देऊ नका.